पाठीवर नेता येणारा मुक्त पतन संच: वर्षभराच्या वापरानंतरचे परीक्षण

गेल्या वर्षी जुलैमध्ये हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एका लहान कार्यशाळेतून मी मुक्त पतनाच्या, म्हणजे वस्तू केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली पडण्याच्या, प्रयोगाचा एक संच ३,२०० रुपयांना विकत घेतला. नागपुरातील माझ्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तो वर्षभर वापरला. दर पंधरवड्याला एका शनिवारी मी रामटेक, काटोल आणि उमरेड तालुक्यांतील शाळांमध्ये विज्ञानाचे तास घ्यायला जाते, तेव्हाही तो माझ्यासोबत असतो. अशा उपकरणाबद्दल पहिल्या आठवड्यात बनलेले मत फारसे भरवशाचे नसते. एसटीच्या प्रवासात त्याचे सांधे ढिले होतात का, मे महिन्याच्या उन्हात त्याचे माप बदलते का, पन्नास मुलांच्या हातांतून गेल्यावर त्याच्या तारा टिकतात का, हे कळायला तिन्ही ऋतू जावे लागतात. ते आता गेले आहेत, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात गुरुत्वाकर्षण हे पहिल्या भागातील पहिलेच प्रकरण आहे आणि मुक्त पतन त्यातच येते. तरीही मी पाहिलेल्या जवळजवळ सर्व शाळांमध्ये हा विषय फळ्यावर आणि गणितांतच राहतो, आणि याला शिक्षकांची अनास्था कारणीभूत नाही. एक मीटर उंचीवरून सोडलेली गोळी ०.४५२ सेकंदात खाली पोहोचते, आणि डोळ्यांनी पाहून स्टॉपवॉचचे बटण दाबायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. शाळेच्या गच्चीवरून दहा मीटर खाली दगड सोडला तरी सगळा खेळ १.४३ सेकंदात आटोपतो. हाताने घड्याळ चालवून हा प्रयोग नीट होणे शक्यच नाही. आमच्या प्रयोगशाळेत यासाठी ओतीव लोखंडाच्या बैठकीवर उभे असलेले जुने उपकरण आहे. ते आजही उत्तम चालते, पण ते हलवायला दोन माणसे लागतात आणि भिंतीतल्या विजेवाचून ते सुरू होत नाही. खेड्यातल्या शाळेत ते नेण्याचा प्रश्नच येत नाही.

नवा संच नेमका इथे उपयोगी पडतो. ॲल्युमिनियमच्या चौकोनी पोकळ पट्टीचे तीन तुकडे एकात एक बसवून सव्वा मीटर उंचीचा खांब उभा राहतो. वरच्या टोकाला पाच व्होल्टवर चालणारा लहान विद्युतचुंबक आहे आणि तो पोलादी गोळी धरून ठेवतो. खांबावर वरखाली सरकणाऱ्या एका कंसात अवरक्त प्रकाशाचा सेन्सर बसवलेला आहे. खाली एका डबीत आर्डुइनो नॅनो प्रकारचे, प्रोग्रॅम घालता येणारे छोटे बोर्ड, दोन ओळींचा पडदा आणि दोन बटणे आहेत. हिरवे बटण दाबले की चुंबकाचा प्रवाह तुटतो आणि त्याच क्षणी घड्याळ सुरू होते. गोळीने सेन्सरची प्रकाशरेषा अडवली की ते थांबते. सारे काही मोबाइलच्या पॉवर बँकेवर चालते. तुकडे सुटे केल्यावर संपूर्ण संच शाळेच्या साध्या दप्तरात मावतो आणि त्याचे वजन दोन किलोंच्या आत भरते. दुचाकीवरून मी तो पाठीला लावून नेला आहे, आणि काटोलच्या गर्दीच्या बसमध्ये मांडीवर ठेवूनही नेला आहे.

बांधणीबद्दल आधी सांगते, कारण इथे कार्यशाळेने मनापासून काम केले आहे. खांबासाठी पीव्हीसीचा पाइप न घेता ॲल्युमिनियम घेतले, हा निर्णय नागपूरसाठी फार महत्त्वाचा आहे. पूर्वी मी स्वतः घरी बनवलेल्या संचात वायरिंगसाठी मिळणारा पीव्हीसीचा पाइप वापरला होता आणि त्यावरच अंतराच्या खुणा केल्या होत्या. जानेवारीतल्या बारा अंशांच्या सकाळपासून मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांच्या दुपारपर्यंत एक मीटर लांबीचा असा पाइप जवळपास दोन मिलिमीटर वाढतो, शिवाय उन्हात किंचित वाकतोही. दोन मिलिमीटर म्हणजे उत्तरात ०.२ टक्क्याचा फरक, तो एक वेळ खपून जाईल. पण वाकलेल्या खांबावर गोळी सेन्सरच्या मधोमध पडतच नाही, कडेला लागून उडते. ॲल्युमिनियमची वाढ त्याच्या निम्म्याहूनही कमी असते आणि वाकण्याची भानगड नाही. चुंबकाच्या कंसाला ओळंबा अडकवायला छोटा हूक दिला आहे, हेही मला आवडले. दोऱ्याला बांधलेल्या वजनाने खांब उभा आहे की नाही हे मुले स्वतः पाहतात, आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा म्हणजे काय हे त्यांना प्रयोग सुरू होण्याआधीच हाताशी येते. गोळी झेलण्यासाठी मात्र काहीच दिलेले नाही. मी गोधडीचा तुकडा घातलेला पत्र्याचा डबा ठेवते.

आता मुख्य तक्रार. संच सुरू केल्यावर पडद्यावर वेळ दिसत नाही, थेट गुरुत्व त्वरणाचे, म्हणजे ‘जी’चे, मूल्य दिसते (पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती मीटर प्रति सेकंदाने वाढतो, तो आकडा). पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत एक मीटरवर सोळा मिलिमीटरची मोठी गोळी सोडली आणि पडद्यावर ९.७९ उमटले. आमचे प्रयोगशाळा सहायक खूश झाले. मलाही क्षणभर समाधान वाटले, पण लगेच मनात शंका आली, कारण इतक्या साध्या चुंबकाकडून इतके सुबक उत्तर येत नसते.

प्रवाह तुटला तरी चुंबकाचा लोखंडी गाभा लगेच निर्जीव होत नाही. त्यात थोडे चुंबकत्व उरते, त्याला अवशिष्ट चुंबकत्व म्हणतात, आणि गोळी काही मिलिसेकंद तशीच लटकून राहते. घड्याळ मात्र आधीच धावू लागलेले असते. चुंबकाच्या तारेच्या वेटोळ्याला समांतर जोडलेला डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, बोर्डाचे रक्षण करतो, पण त्याच्यामुळे वेटोळ्यातला प्रवाह विझायला आणखी वेळ लागतो. असे असताना उत्तर अचूक कसे, हे विचारायला मी कार्यशाळेच्या मालकांना फोन केला. त्यांनी काहीही न लपवता सांगितले की प्रोग्रॅममध्ये प्रत्येक वेळेतून १८ मिलिसेकंद वजा केले जातात, कारण संच घेणाऱ्या शाळांना पडद्यावर ९.८ दिसायला हवे असते आणि तसे न दिसल्यास त्या संच परत करतात. मूळ वेळ पाहायची असेल तर काळे बटण पाच सेकंद दाबून धरावे, असेही त्यांनी सांगितले. सोबतच्या माहितीपत्रकात याचा उल्लेख नव्हता.

त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर वाटला, पण या १८ मिलिसेकंदांनी पुढे जे केले ते गंभीर आहे. रामटेक तालुक्यातल्या एका शाळेत, मी मूळ वेळेचा प्रकार निवडायला विसरले असताना, मुलांनी मोठ्या गोळीनंतर बारा मिलिमीटरची लहान गोळी लावली. पडद्यावर ९.२५ आले. सेन्सर २० सेंटिमीटरवर आणला तर ८.५७ आले. दहावीतल्या एका मुलीने वहीत सरळ लिहिले, ‘लहान गोळी हळू पडते, कारण ती हलकी आहे.’ तिने तिच्यासमोरच्या यंत्रावर विश्वास ठेवला होता आणि तिच्या आकड्यांवरून तोच निष्कर्ष निघत होता. जड वस्तू लवकर पडते ही समजूत मोडण्यासाठी जो प्रयोग करायचा, त्याच प्रयोगाने ती समजूत पक्की केली.

घडले होते असे. लहान गोळीचे वजन मोठीच्या निम्म्याहूनही कमी असल्याने उरलेले चुंबकत्व तिला अधिक काळ धरून ठेवत होते, साधारण ३० मिलिसेकंद. पण प्रोग्रॅम तिच्यासाठीही १८च वजा करत होता. शिवाय अंतराच्या पट्टीचा शून्य मोठ्या गोळीच्या तळाशी जुळवलेला आहे. लहान गोळीचा तळ त्याच्याहून चार मिलिमीटर वर असतो, म्हणजे तिला प्रत्यक्षात तेवढे अधिक अंतर पडावे लागते. हे दोन्ही दोष एकाच दिशेला खेचतात आणि दोन्ही मिळून लहान गोळीला संथ ठरवतात.

त्याच शाळेत आम्ही काळे बटण दाबून मूळ वेळ पडद्यावर आणला आणि मोठ्या गोळीने पुन्हा सुरुवात केली. २० सेंटिमीटरला ०.२२० सेकंद, ४०ला ०.३०४, ६०ला ०.३६८, ८०ला ०.४२२ आणि पूर्ण मीटरला ०.४७० सेकंद लागले. प्रत्येक आकडा पाच वेळांची सरासरी आहे. अंतराची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग, असे करून मुलांनी ‘जी’ काढला तेव्हा अनुक्रमे ८.२६, ८.६६, ८.८६, ८.९८ आणि ९.०५ अशी उत्तरे आली. एकही उत्तर पुस्तकातले नव्हते आणि ती चढत्या क्रमाने होती. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, खाली गेल्यावर पृथ्वी जास्त ओढते का?” माझ्या शिक्षकी आयुष्यात या प्रकरणावर यापेक्षा चांगला प्रश्न मला कोणी विचारलेला नाही. पडद्यावर तयार ९.७९ असते तर तो निघालाच नसता.

मग आम्ही आलेख कागद काढला. आडव्या अक्षावर अंतराचे वर्गमूळ आणि उभ्या अक्षावर वेळ घेतला. पाचही बिंदू एका सरळ रेषेवर आले, पण ती रेषा आरंभबिंदूतून न जाता उभ्या अक्षाला ०.०१८ सेकंदावर छेदून गेली. शून्य अंतर पडायलाही १८ मिलिसेकंद लागतात असे ती रेषा म्हणत होती, आणि अंतर शून्य असताना जो वेळ जातो तो पडण्याचा असूच शकत नाही, हे मुलांनी स्वतः शोधले. तो लटकण्याचा वेळ. रेषेचा चढ त्या लटकण्यापासून मुक्त असतो. चढ ०.४५२ आला, दोनला त्याच्या वर्गाने भागले आणि उत्तर ९.७९ मिळाले. कार्यशाळेने जे १८ मिलिसेकंद प्रोग्रॅममध्ये दडवले होते, ते दहावीच्या मुलांनी पेन्सिल आणि पट्टी घेऊन बाहेर काढले. हे होऊ शकते म्हणून हा संच चांगला आहे. पण त्याच्या नेहमीच्या मांडणीत ते होऊ दिले जात नाही.

यानंतर मी चुंबकाच्या तोंडावर पारदर्शक चिकटपट्टीचे दोन थर लावले. गोळी आणि गाभा यांत एवढीशी फट पडली तरी अवशिष्ट चुंबकत्वाची पकड फार सैल होते. मोठ्या गोळीचा विलंब ६ मिलिसेकंदांवर आला, लहान गोळीचा ७वर. उपकरण आता निर्विवाद सुधारले होते. अशा सुधारलेल्या उपकरणावर ‘जी’ दाखवणारा प्रकार लावून पाहिला तेव्हा एक मीटरला पडद्यावर १०.३३ आले, कारण सहाच मिलिसेकंदांचा दोष उरला असताना प्रोग्रॅम अजूनही अठरा वजा करत होता. उपकरण जितके चांगले करावे तितके उत्तर बिघडते, अशी ही व्यवस्था आहे. एखाद्या जिज्ञासू शिक्षकाने ही चिकटपट्टी लावली, तर आपणच काहीतरी बिघडवले असे समजून तो ती काढून टाकेल.

नागपूरचे खरे मूल्य किती, हा प्रश्न यातून येतोच. पुस्तकात सोयीसाठी ९.८ असते आणि १९०१ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने मान्य केलेले प्रमाणित मूल्य ९.८०६६५ आहे; पण ते कोणत्याही विशिष्ट गावाचे मोजमाप नाही. नागपूर २१.१५ उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. विषुववृत्ताकडे आणि उंचावर जावे तसे हे मूल्य थोडे कमी होते, आणि हिशेब केल्यावर इथे ते ९.७९च्या किंचित खाली, ९.७८६च्या आसपास येते. नागपुरातल्या झिरो माइल या स्मारकाला मुले अनेकदा गेलेली असतात. तिथे उंचीची खूण असलेला सर्वेक्षणाचा दगड आहे आणि त्या आकड्याचा आपल्या प्रयोगाशी संबंध आहे, हे सांगितले की त्यांचे डोळे चमकतात. मात्र प्रमाणित मूल्य आणि नागपूरचे मूल्य यांतला ०.२ टक्क्याचा फरक हा संच पकडू शकत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. एक मीटरवर एका मिलिसेकंदाची चूक ‘जी’मध्ये ०.४ टक्क्याहून अधिक फरक पाडते आणि २० सेंटिमीटरवर पूर्ण एक टक्का. पाच अंतरे घेऊन आलेखाने काढलेले माझे वर्षभरातले उत्तर बहुतेक वेळा ९.७२ ते ९.८५ या टप्प्यात राहिले आहे. तीन हजारांच्या उपकरणाकडून मी यापेक्षा अधिक अपेक्षा करत नाही.

बोर्डाच्या घड्याळाबद्दल थोडे. चार मायक्रोसेकंदांच्या पायरीने ते वेळ मोजते, त्यामुळे बारकाव्याची अडचण नाही. अडचण असते ती घड्याळच मुळात पुढे किंवा मागे धावण्याची, कारण अशा अनेक स्वस्त बोर्डांवर क्वार्ट्झच्या स्फटिकाऐवजी सिरॅमिक रेझोनेटर असतो आणि त्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत जाऊ शकते. मी मोबाइलच्या घड्याळाशी दहा मिनिटे ताडून पाहिले, ०.६ सेकंदाचा फरक आला, म्हणजे हजारात एक. हे समाधानकारक आहे. घेणाऱ्याने ही तपासणी एकदा जरूर करावी, तिला काही खर्च येत नाही.

हवेच्या विरोधाचा प्रश्न पोलादी गोळीला जवळपास नाही. एक मीटरच्या पतनात त्याचा परिणाम हजारात एकाच्या आसपास राहतो. पण मुलांना लाकूड, रबर आणि प्लास्टिकही टाकून पाहायचे असते, आणि विद्युतचुंबक त्यांना धरू शकत नाही. ही या रचनेची मोठी मर्यादा आहे. अवघ्या २.७ ग्रॅमचा, ४० मिलिमीटर व्यासाचा टेबल टेनिसचा चेंडू एक मीटर पडेपर्यंत हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या सुमारे एक चतुर्थांश होतो. तो या संचावर मोजता आला असता तर केवढा विषय उलगडला असता! १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडले आणि दोन्ही एकदम खाली पोहोचले, हे मी वर्गात सांगते. पण सांगणे आणि समोर मोजून दाखवणे यांत अंतर राहतेच.

यावर उपाय म्हणून दोन सेन्सरची रचना सुचवली जाते, म्हणजे वस्तू हाताने सोडायची, पहिल्या सेन्सरने घड्याळ सुरू करायचे आणि दुसऱ्याने थांबवायचे. माझा घरगुती संच तसाच होता, म्हणून त्यातला सापळा मला चांगला माहीत आहे. पहिल्या सेन्सरपाशी वस्तूचा वेग शून्य आहे असे आपण धरतो. प्रत्यक्षात हात जेमतेम पाच मिलिमीटर वर राहिला तरी त्या पाच मिलिमीटरला ३२ मिलिसेकंद लागलेले असतात आणि वस्तू वेग घेऊनच पहिल्या सेन्सरमधून जाते. दोन सेन्सरमध्ये एक मीटर अंतर ठेवून साध्या सूत्राने हिशेब केला तर उत्तर ११.२७ येते. पाच मिलिमीटरची चूक आणि उत्तरात पंधरा टक्के! त्या मानाने चुंबकाचे १८ मिलिसेकंद सभ्य म्हणावे लागतील, कारण ते दर वेळी तेवढेच असतात आणि आलेखात सापडतात. हाताची चूक दर वेळी वेगळी असते.

घरगुती संचाचा विषय निघालाच आहे, तर खर्चाची तुलनाही करते. सीताबर्डीच्या गल्ल्यांतून बोर्ड, पडदा आणि दोन सेन्सर, इतवारीच्या लोहाओळीतून पट्टी आणि स्क्रू, आणि सायकल दुरुस्तीच्या दुकानातून छर्रे, असे मिळून मला १,१५० रुपये लागले होते. त्यात माझे तीन रविवार गेले. ज्यांना तारांना डाग देता येतो, म्हणजे सोल्डरिंग जमते, आणि ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी स्वतःच बनवावा, असेच मी म्हणेन, आणि शक्यतो विद्यार्थ्यांना सोबत घेऊन बनवावा. एकच सावधगिरी घ्यावी: स्वस्त म्हणून सेन्सरच्या जागी एलडीआर, म्हणजे प्रकाशानुसार बदलणारा रोधक, लावू नये. प्रकाश बदलल्यावर त्याचा रोध बदलायला कित्येक मिलिसेकंद जातात आणि सारे मापन त्यात बुडते. फोटोट्रान्झिस्टर दहा-वीस रुपयांत मिळतो आणि काही मायक्रोसेकंदांत प्रतिसाद देतो. पण ज्या शाळेत विज्ञानाचा एकच शिक्षक पाचवीपासून दहावीपर्यंत शिकवतो, तिथे तीन रविवारांची किंमत दोन हजार रुपयांहून अधिक आहे, आणि अशा शाळेसाठी तयार संचच योग्य.

काही न विकत घेताही हा प्रयोग होतो, हेही नमूद करायला हवे. जर्मनीतील आखेन येथील तंत्रविद्यापीठाने २०१६ मध्ये आणलेले फायफॉक्स हे मोबाइल ॲप मोफत आहे आणि त्यात आवाजावर चालू-बंद होणारे घड्याळ आहे. टेबलाच्या कडेला बाहेर आलेल्या पट्टीवर गोळी ठेवायची, पट्टीला फटका मारायचा. फटक्याच्या आवाजाने घड्याळ सुरू होते आणि गोळी जमिनीवर आदळल्याच्या आवाजाने थांबते. शांत खोलीत उत्तरे फार चांगली येतात. पण मार्चपासून जूनपर्यंत नागपूरच्या वर्गात कूलर चालू असतो आणि त्याच्या घरघरीत ते घड्याळ आपोआप सुरू होते. कूलर बंद करून चार मिनिटांत प्रयोग उरकायचा, असे मी मे महिन्याच्या उन्हाळी वर्गात केले आहे, पण मुलांचे हाल पाहवत नाहीत.

संचाचे इतर दोष लहान आहेत, पण सांगितले पाहिजेत. उन्हाच्या उजेडात अवरक्त सेन्सर आंधळा होतो, कारण सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण भरपूर असतात. उमरेडजवळच्या एका शाळेत वर्गात जागा नसल्याने आम्ही ओसरीवर संच मांडला, आणि सकाळी अकरा वाजता घड्याळ थांबेचना. काळ्या चार्ट पेपरची नळी करून ती सेन्सरच्या तोंडावर बसवल्यावर काम झाले. सेन्सरला अशी टोपी कार्यशाळेनेच द्यायला हवी होती. तिला दोन रुपयेही लागणार नाहीत. दुसरा दोष पॉवर बँकेचा. चुंबक बंद असताना संच इतका थोडा प्रवाह घेतो की काही पॉवर बँका समोर काहीच जोडलेले नाही असे समजून अर्ध्या मिनिटात स्वतःहून बंद पडतात, आणि मुलांनी वाचायच्या आत पडद्यावरचा आकडा नाहीसा होतो. दुसऱ्या खाचेत मोबाइल चार्जिंगला लावून ठेवणे हा माझा उपाय आहे. तिसरे म्हणजे सेन्सरचा कंस घट्ट करणारा प्लास्टिकचा खटका सहाव्या महिन्यात तुटला. कार्यशाळेने धातूचा स्क्रू विनामूल्य पाठवला आणि तो आजवर टिकला आहे.

डबीच्या बाबतीत मात्र कौतुकच करायचे आहे. चार स्क्रू काढले की ती उघडते, आतल्या तारा रंगांप्रमाणे नीट मांडलेल्या आहेत आणि कोणताही भाग काळ्या गोंदात बुजवलेला नाही. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानखेळणी करून दाखवली, त्या खेळण्यांची ताकद हीच होती की त्यांचे सारे आतले कारण मुलांच्या डोळ्यांसमोर असायचे. या संचाची डबी त्या वाटेवरची आहे. अकरावीच्या दोन विद्यार्थ्यांनी ती उघडून वेटोळ्याजवळच्या डायोडला जोडून एक झेनर डायोड बसवला, त्यामुळे प्रवाह लवकर विझतो आणि विलंब आणखी दोन मिलिसेकंदांनी घटला. पडद्यावरच्या आकड्यालाही हाच मोकळेपणा मिळायला हवा, एवढीच माझी मागणी होती.

ती मी मार्चमध्ये कार्यशाळेला लेखी कळवली, सोबत रामटेककडच्या त्या मुलीच्या वहीतले दोन्ही तक्ते आणि दोन्ही आलेख जोडले. दुसऱ्या तक्त्याखाली तिने लिहिले आहे: ‘दोन्ही गोळ्यांचा चढ सारखाच येतो. लहान गोळी हळू पडत नाही, ती उशिरा सुटते.’ आठवडाभराने मालकांनी मला नवा प्रोग्रॅम घातलेली डबी बदलून दिली. तिच्या पडद्यावर फक्त वेळ येतो, मिलिसेकंदांत, एक दशांश स्थळापर्यंत, काहीही वजा न करता. जुना प्रकार त्यांनी बंद केलेला नाही, कारण अजूनही तोच मागणाऱ्या शाळा आहेत, असे त्यांचे म्हणणे आहे.

त्यामुळे संच मागवणाऱ्यांनी मागणी नोंदवतानाच ‘मूळ वेळ दाखवणारा’ असे स्पष्ट लिहावे. किंमत तीच आहे आणि तयार होऊन हातात यायला दहा-बारा दिवस लागतात. सोबत सोळा आणि बारा मिलिमीटरच्या गोळ्यांबरोबर वीस मिलिमीटरचीही एक मागून घ्यावी, अंतर नेहमी गोळीच्या तळापासून सेन्सरच्या प्रकाशरेषेपर्यंत स्वतः मोजावे, आणि चुंबकाच्या तोंडावरची चिकटपट्टी दर महिन्याला बदलावी, कारण गोळी पुन्हा पुन्हा लावून ती मधोमध झिजते आणि विलंब हळूहळू परत वाढू लागतो.